राणी इरावतीचे गढूळ तेल

एका राज्यात, जिथे डोंगर झोपेत कूस बदलत आणि नद्या विचारल्यावाचून घाट सोडीत नसत, सुधन्वा नावाचा राजा होता आणि इरावती ही त्याची राणी. राणीच्या पायाला भिंगरी होती. पानावर बसली तरी दोन घासांत उठे. त्यांच्या मुदपाकखान्याचा दंडक असा, की तळाशी गाळ दिसेल ते तेल आत यायचे नाही. त्यामुळे घरोघरच्या घाण्यांचे तेल दारातूनच परत जाई.

हे कर्कट जादूगाराने हेरले. त्याने बाजारात दुकान थाटले. तेल असे, की त्याला ना रंग ना वास, आणि तळाशी कणही नाही. मुदपाकखाना त्याच्यावर भाळला, मग नगरही भाळले. हळूहळू लोकांच्या जिभा जड झाल्या आणि राजाची तर चक्क दगडाची झाली. तिथून दगड गळ्याकडे सरकू लागला. वैद्य आले, माना हलवून, जेवून गेले. राणी मात्र दालनातून गच्चीत आणि गच्चीतून दालनात येरझाऱ्या घालीत राहिली.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, “राणीसाहेब, कर्कट जत्रांच्या कढयांतले जळके तेल गोळा करतो आणि मंत्राने त्याचा रंग-वास पळवतो. दगड काळजाशी पोचला की उपाय उरणार नाही. तीन कामे करा. राक्षसिणीच्या शेतातले तीळ आणा. बोलत्या बाभळीकडून घाणा आणा. मग स्वहस्ते तेल काढून महाराजांच्या जिभेवर घाला. पण तेल काढल्यावर...”

पुढचे ऐकायला राणी होती कुठे? ती वेशीबाहेर पडलीसुद्धा.

राक्षसीण बांधावर वेणी घालीत बसली होती. “तीळ ने,” ती म्हणाली, “पण पोते भिजले आहे. बुरसलेला दाणा न् दाणा निवडून टाक. माझ्या शेतातला म्हणून तो कमी बाधत नाही.” राणी निवडायला बसली, उठली, पुन्हा बसली. जीव घोड्यावर होता, पण नवरा डोळ्यांपुढे होता. तिने सगळे तीळ निवडले आणि उन्हात खडखडीत वाळवले.

बाभळ म्हणाली, “माझा बुंधा घे. बैल तुझा तू बघ.” बुंध्याचा घाणा झाला. बैल शोधायला वेळ कुणाला? राणीने स्वतःच जू खांद्यावर घेतले आणि गरगरा फिरू लागली. जन्मभराची भिंगरी त्या दिवशी कामी आली.

घाणेकरांच्या रीतीप्रमाणे तिने तिळांवर पाण्याचा हबका मारला, तेव्हा तेल सुटले. पण सुटले ते गढूळ. शेवटी ती राजवाड्यातलीच. गाळ पाहून तिने नाक मुरडले, सात पदरी रेशमातून तेल गाळले आणि तसेच राजाच्या जिभेवर घातले. दगड चरचरला आणि गळ्यावरून छातीवर उतरला.

“रेशमाने चोथा अडतो, पाणी अडत नाही,” साळुंकी म्हणाली. “हे तेल कच्चे आहे. ओलसर तेल घरचे असले तरी नासतेच. उरलेले उन्हात ठेवा आणि भांडे हलू देऊ नका.”

“कुठवर?”

“निवळेपर्यंत.”

“आणि तोवर महाराज?”



राणीने राजाचा पलंग गच्चीत आणवला आणि शेजारी भांडे ठेवले. ती चालली की गच्चीच्या फळ्या हलत, फळ्या हलल्या की गाळ वर येई. तिने शालीने स्वतःचे पाय कठड्याला बांधले. आयुष्यात तिला इतके जड काही गेले नव्हते. दगड छातीत शिरत होता आणि तिला नुसते बसायचे होते. तिला किंचाळावेसे वाटत होते. ती बसून राहिली.

तोच कर्कट बुधला घेऊन आला. “राणीसाहेब, कशाला खोळंबता? माझे तेल या घडीला स्वच्छ आहे. तुमच्यात पाहा किती गाळ.”

“माझा गाळ तळाशी बसतो आहे, तो मला दिसतो,” राणी म्हणाली. “तुमचा कुठे गेला?”

त्या राज्यात प्रश्नाला निरुत्तर झालेल्या जादूगाराचा मंत्र उतरत असे. कर्कटाने तोंड उघडले आणि मिटले. हातातला बुधला काळा पडला, बाजारातले सारे बुधले काळे पडले आणि जळक्या तेलाच्या दर्पाने माणसे नाके धरून रस्त्यावर आली. कर्कट मागच्या जिन्याने पळाला तो पळालाच.

उन्हे कलता कलता भांड्यातले वरचे तेल निवळले. राणीने चमचा बुडवला. गाळ ढवळला नाही. थेंब जिभेवर पडला. जीभ गुलाबी झाली, गळा ऊन झाला, छाती वरखाली होऊ लागली.

राजाने ओठ चाटले. “थोडे कडवट आहे,” तो म्हणाला.

राणीच्या हातच्या कशालाही नाव ठेवण्याची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. पण ते ऐकून ती हमसून हमसून रडली, आणि त्याला म्हणाली, “आणखी एकदा म्हणा.”

उरलेले तेल तिने नगरात थेंब थेंब वाटले आणि ज्याची त्याची चव परत आली. तेव्हापासून तिथे तेल घरचे असो वा दुकानचे, आधी दाणा दाखवावा लागतो आणि मग गाळ. त्यांच्या चुली पेटत्या राहिल्या, तुमच्याही राहोत.