उत्पलाच्या नावाचं भोजनदान

"मग मला चीवर कधी देणार, भन्ते?"

भिक्खू व्हायचं ठरवलेल्या गणवीरांनी हे विचारलं तेव्हा भन्ते खेमरक्षित विहाराच्या पायरीवर बसून जुन्या छत्रीला टाका घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"घरून परवानगी मिळाली?"

"आईवडील कधीच गेले. तुम्हाला ठाऊक आहे."

"पत्नी आहे."

"ती हो म्हणत नाही. नाही पण म्हणत नाही. विषय काढला की म्हणते, जेवून घ्या."

"मग जेवता?"

"जेवतो..."

"बरं करता."

भन्तेंनी दुसरा टाका घातला. नागपूरचं मे महिन्याचं ऊन पायरीच्या कडेला येऊन टेकलं होतं.

अरविंद गणवीर पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. धम्माचा अभ्यास दांडगा. शहरात कुठेही प्रवचन असो, गणवीर पहिल्या रांगेत. वक्ता गाथेत अडखळला की पुढची ओळ तेच पुरवायचे, आणि वक्ता अडखळला नाही तर घरी जाताना थोडे हिरमुसलेले असायचे.

मागच्या पावसाळ्यात त्यांची एकुलती एक मुलगी, उत्पला, डेंग्यूने गेली. सव्वीस वर्षांची होती. ताप आला, उतरला, घरातले सगळे निर्धास्त झाले, आणि मग ती गेली.

गणवीर रडले नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्ते समोर असताना गणवीरांनी स्वतःच अनित्यतेवर तासभर प्रवचन दिलं. काय बोलले! लोकांचे डोळे भरून आले. माणूस असावा तर असा, असं जो तो म्हणाला. आणि गणवीरांना ते ऐकायला आवडलं. पोरगी गेलेल्या बापाला त्या दिवशी स्वतःची स्तुती गोड लागली, हे काही चांगलं नाही, पण झालं ते असं झालं.

त्यांची पत्नी छायाबाई मागे सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या. मध्येच त्यांचा हुंदका फुटला. गणवीरांनी बोलता बोलता तिकडे पाहिलं, मास्तर वर्गातल्या बडबड्या पोराकडे पाहतो तसं. छायाबाईंनी तोंडावर पदर घेतला. त्यानंतर त्या नवऱ्यासमोर रडल्या नाहीत.

"तिला अजून कळलेलं नाही, भन्ते," गणवीर म्हणाले.

"काय कळलेलं नाही?"

"अनित्य. जे आलं ते जाणार. पोरीची चप्पल अजून दारात ठेवली आहे तिनं. मी किती समजावलं. आता तुम्हीच एक शब्द टाका. तुमचा शब्द ती मोडायची नाही."

भन्तेंनी दोरा दातांनी तोडला.

"आज सकाळीच कसे आलात, गणवीर?"

"आज उत्पलाचा वाढदिवस." मग ते लगबगीने पुढे म्हणाले, "म्हणजे, मी वाढदिवस वगैरे धरून बसत नाही. तिच्या नावे तुम्हाला भोजनदान द्यावं, एवढंच. घरी नको. छाया पहाटेपासून स्वयंपाकघरात नुसती उभी आहे. एखाद्या चांगल्या हॉटेलात नेतो तुम्हाला."

"उत्पला कुठे जेवायची?"

"ती?" गणवीर हसले. "धरमपेठेत एक वाडग्यांचं दुकान आहे. पोके बोल म्हणतात त्याला. आपण एकेक सांगायचं आणि ते वाडग्यात भरत जातात. भातावर कच्चा मासा घालतात म्हणे. आपल्यासारख्यांचं नाही ते."

भन्तेंनी छत्री मिटली. भिक्षापात्राची झोळी खांद्याला लावली.

"चला," ते म्हणाले.

दुकान नुकतंच उघडलं होतं. आत गारवा होता. लांबट लाकडी बाकं, आणि एका भिंतीवर रंगवलेला निळा समुद्र. नागपूरकरांना समुद्र मिळायचा तो भिंतीवरच. काचेआड स्टीलच्या चौकोनी भांड्यांची रांग होती. काकडी, लाल कोबी, मक्याचे दाणे, आंब्याच्या फोडी, हिरवं समुद्री शेवाळ आणि आणखी कितीतरी गोष्टी, ज्यांची नावं गणवीरांच्या बापजन्मात कुणी घेतली नव्हती.

घड्याळात साडेअकरा वाजत आले होते. भिक्खू दुपारी बारानंतर अन्न घेत नाही. पण वाडगाभर भात वाढायला कितीसा वेळ लागतो, असं गणवीरांना वाटलं.

काउंटरमागच्या मुलीने डोक्यावरची टोपी सावरली आणि हात जोडले. "जय भीम, भन्तेजी. बसा ना. काय काय देऊ तुम्हाला?"

भन्तेंनी झोळीतून काळं लोखंडी पात्र काढलं, झाकण उघडलं आणि पात्र काउंटरवर ठेवलं.

"ते सांगणार नाहीत," गणवीर पुढे सरसावले. इथे त्यांना गती होती. "भिक्खू मागत नसतो. हे हवं, ते नको, असं म्हणत नसतो. दाता जे देईल ते घेतो."

"अय्या, पण आमच्या इथे तर सगळं गिऱ्हाइकालाच सांगावं लागते," मुलगी म्हणाली. "मग कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"सांगा ना सर. खाली काय टाकू? पांढरा भात, तांबडा भात का सलादचा पाला?"

गणवीरांनी काचेतून पाहिलं. गेल्या वर्षभरात पुढ्यात आलेल्या ताटाकडे त्यांनी नीट पाहिलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"टाका काहीही," ते म्हणाले. "चवीचं आम्हाला काही नाही."

मुलीने तांबड्या भातात डाव घातला. भन्तेंनी हात पुढे केला आणि पात्रावर झाकण ठेवलं.

डाव हवेतच राहिला.

"भन्ते?" गणवीर गोंधळले. "तुम्हीच तर म्हणता, भिक्खू काहीही खातो."

"भिक्खू काहीही खातो," भन्ते म्हणाले. "दात्यानं मात्र काहीही देऊन चालत नाही."

गणवीरांच्या कानशिलांवर ऊब चढली. मागे दोन कॉलेजची पोरं येऊन उभी राहिली होती.

"आज दान कोणाच्या नावे आहे?" भन्तेंनी विचारलं.

"उत्पलाच्या."

"मग तिचंच द्या. ती काय घ्यायची?"

गणवीरांना येत नव्हतं. सुत्तं पाठ होती, कोणत्या धरणाचे किती दरवाजे हे पाठ होतं. पोरगी या काचेसमोर उभी राहून काय मागायची, ते त्यांना येत नव्हतं.

ती कितीदा म्हणाली होती. बाबा, चला ना एकदा. दर वेळी ते म्हणायचे, कच्चं खाणाऱ्यातला मी नव्हे. ती हसायची आणि आईला घेऊन जायची. एकदा त्यांच्यासाठी बांधून आणलं होतं. त्यांनी डबा उघडला नाही. जिभेच्या लालसेवर दहा मिनिटं ऐकवलं मात्र.

"कोणाला माहीत असेल?" भन्ते म्हणाले, आणि जाऊन बाकावर बसले.

गणवीरांनी खिशातून फोन काढला. नंबर लावताना त्यांचं बोट चुकलं. मागची पोरं बाजूने पुढे आली, आपापले वाडगे भरून घेऊन गेली, आणखी एक बाई आली. गणवीर कानाला फोन लावून पात्राशेजारी उभे राहिले.

"अहो, कुठे आहा?" छायाबाईंचा आवाज आला. मागे नळ वाहत होता.

"धरमपेठेत. भन्तेंसोबत." त्यांनी काचेआडच्या भांड्यांकडे पाहिलं. "छाया... उत्पला इथे काय घ्यायची? त्या वाडग्याच्या दुकानात?"

नळ बंद झाला.

"कायले विचारता?"

"भन्तेंना द्यायचं आहे. तिच्या नावानं. तिचं जे असायचं, ते."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"भात," छायाबाई म्हणाल्या. "पांढरा. तो तांबडा नाही."

"पांढरा भात," गणवीर मुलीला म्हणाले. झाकण त्यांनीच काढलं.

"त्याच्यावर झिंगे."

"कच्चे?"

"कच्चे कायले? उकडलेले राहतात. तिनं कच्चं कधी खाल्लं हो? अर्धं कच्चं अंडं चालत नव्हतं त्या पोरीले."

ती कच्चं खातच नव्हती. एवढी वर्षं ते एकच वाक्य तिच्या तोंडावर फेकत आले, आणि ती फक्त हसायची. त्यांना वाटायचं, पोरीकडे उत्तर नाही. ती कधी बोलली कशी नाही? आणि त्यांनी कधी विचारलं कसं नाही?

"सर, झिंगे टाकू?"

"हो... टाका."

मुलीने झिंगे घातले आणि सवयीने शेजारच्या भांड्यातल्या गुलाबी कांद्याचा चिमटा वर सोडला.

"आंबा," छायाबाई सांगत होत्या. आता त्या हळूहळू सांगत होत्या. "आंबा दोनदा. एकदा घातला का तिथंच थांबे, अन् घालणाऱ्याकडे पाहून हसे. मग ते अजून घालत."

"आंबा दोनदा," गणवीर म्हणाले.

"काकडी. मका. कांदा नाही हं. कांदा आला का तोंड वाकडं करे."

"कांदा नको!" गणवीर एवढ्या मोठ्याने म्हणाले की रांगेतली बाई दचकली. "कांदा काढा. तिला चालत नाही."

"सॉरी सर, मी दुसरं भरून देते ना."

पण गणवीर थांबायला तयार नव्हते. त्यांनी तिच्या हातातून चमचा घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि पात्रावर वाकून कांद्याची एकेक चकती बाहेर काढायला लागले. एक झिंग्याखाली गेली होती, एक भातात रुतली होती. चवीचं काही नसलेला माणूस नखाएवढ्या कांद्यासाठी सगळा भात उकरत होता. मागची रांग वाढली.

"काढला?" फोनवरून छायाबाईंनी विचारलं.

"काढला. सगळा काढला."

"मग वरून तीळ. लय तीळ."

"आणखी?"

"आणखी काही नाही." मग आठवून त्या म्हणाल्या, "दोन चमचे मागून घ्या."

"दोन कशाला?"

"आम्ही एकाच वाडग्यात खात होतो."

आणि मग छायाबाई रडल्या. इतके महिने दाबून ठेवलेलं ते रडणं गणवीरांच्या कानात सरळ उतरलं. अशा वेळी काय म्हणायचं ते त्यांना पाठ होतं. ओठ उघडलेही. पण गाथा आली नाही.

"छाया," ते एवढंच म्हणाले. "छाया... मला काहीच माहीत नव्हतं गं."

आणि पासष्ट वर्षांचे गणवीर, पहिल्या रांगेतले गणवीर, काचेवर कपाळ टेकून भर दुकानात लहान मुलासारखे रडले. पोरगी गेल्यापासूनचं सगळं एकदम बाहेर आलं. काउंटरमागच्या मुलीला काय करावं कळेना. तिने दोन चमचे कागदात गुंडाळले आणि पात्राशेजारी ठेवून दिले.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. फोन तसाच वरच्या खिशात ठेवला. पात्र दोन्ही हातांनी उचलून ते बाकापाशी आले, गुडघ्यांवर बसले आणि पात्र पुढे केलं, रीतसर.

"उत्पलाच्या नावे, भन्ते. स्वीकार करावा."

भन्तेंनी हात पुढे केले नाहीत. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

गणवीरांनी मान वळवून पाहिलं. बारा केव्हाच वाजून गेले होते.

"अरेरे..." त्यांनी पुढे केलेलं पात्र मागे घेतलं. "काय केलं मी हे! तुम्हाला उपाशी ठेवलं."

भन्तेंनी समोरचा पेला उचलला आणि पाणी प्यायलं.

"एक दान धड देता आलं नाही. वर चारचौघांत रडलो. आता कसलं चीवर, भन्ते? आता तुम्ही मला उभंही करणार नाही."

भन्ते उठले. रिकामी झोळी त्यांनी घडी करून काखेत धरली. पात्र मागितलं नाही.

"भन्ते, तुमचं पात्र."

"घरी न्या."

"घरी?" गणवीर अजून गुडघ्यांवरच होते. भिक्खूने आपलं पात्र हाती द्यावं, याचा अर्थ त्यांना एकच माहीत होता, भिक्खू करून घेतलं. त्यांनी हातातल्या पात्राकडे पाहिलं. पांढरा भात, झिंगे, दोनदा घातलेला आंबा, वर तीळ. "म्हणजे पहिली भिक्षा घरी मागू? छायाकडे?"

भन्ते दारापर्यंत पोचले होते.

"पण हे तर भरलेलं आहे," गणवीर मागून म्हणाले. "भरलेलं पात्र घेऊन कोणी भिक्षेला जातं का, भन्ते?"

बाहेर ऊन मी म्हणत होतं. भन्तेंनी छत्री उघडली.

"त्या बाईच्या दारात अजून किती वेळा रिकामं नेणार, गणवीर?"