वेशीवरची मूठ

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं, आणि तिथल्या राजाला आपल्या लहानपणच्या बाजाराची फार आठवण यायची. काय तो बाजार! घोंगड्या, हळद, ताज्या गुळाचा वास आणि बैलांच्या घुंगुरमाळा. आता त्याच मैदानात चार म्हाताऱ्या मुळा-मेथी घेऊन बसत.

राज्यात एक रीत होती. वेशीतून माल नेणाऱ्याने मूठभर माल राजासाठी काढून ठेवायचा. राजाच्या आजोबांनी ती घालून दिलेली. पुढे प्रधानाची मूठ सुरू झाली, मग कोतवालाची; मुठीचं झालं माप आणि मापाची पाटी. बाजार रोडावला की प्रधान म्हणायचा, "मूठ वाढवू, महाराज. खजिना भरायला नको?" राजा मान डोलवायचा. आजोबांची रीत मोडणं म्हणजे आजोबांनाच विसरणं, असं त्याला वाटे.

एके सकाळी विणकर गाड्यांवर माग लादून वेशीत उभे राहिले. राज्यात कमावते असे तेवढेच उरले होते. राजा धावत गेला.

"कुठे निघालात?"

"जिथे सूत घरापर्यंत पोचतं तिथे, महाराज," म्हातारा विणकर म्हणाला. "इथे येताना सूत जातं, जाताना कापड."

"संध्याकाळपर्यंत थांबा," म्हणून राजा थेट मोठ्या बहिणीकडे गेला. "आक्का, आजोबांची रीत मी एवढी जपली. मग त्यांचा बाजार का गेला?"

"वेडाच आहेस! तुला नुसती मूठ आठवते," आक्का म्हणाली. "आजोबांनी आधी घाट बांधला, विहीर खोदली, चोरांचा बंदोबस्त केला. मग व्यापाऱ्यांनीच आपणहून ओंजळ पुढे केली, त्यातली आजोबांनी मूठभर घेतली. आणि तू? घाट ढासळला, तो बघायला तरी गेलास का?"

राजाला रडू आलं. त्याच संध्याकाळी त्याने सगळ्या मुठी बंद केल्या आणि कोठारातलं धान्य घाट दुरुस्त करणाऱ्यांना दिलं. प्रधान महिनाभर फुगून बसला. निम्मे विणकर माघारी फिरले. बाकीचे थांबलेच नव्हते; त्यांनी तोवर डोंगर ओलांडला होता. ते पुन्हा कधीच आले नाहीत.

काही वर्षांनी मैदान भरलं. राजा एकटाच त्यात हिंडला. माल अनोळखी, बोली अनोळखी. त्याचा तो जुना बाजार काही त्याला सापडला नाही. एका विणकराच्या पालापुढे तो जरा रेंगाळला, तेवढ्यात मागून कुणीतरी खेकसलं, "अहो, मध्येच काय घुसता? रांगेत या!"

राजा डोळे पुसत, हसत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

तात्पर्य: राज्याने आधी प्रजेला कमावण्याची सोय करून द्यावी, आणि मगच तिच्याकडे आपला वाटा मागावा.