हिरव्या मोटारीखालची परात

मोटारींना बोलायची खोड होती त्या काळात, कोल्हापुरात इंगवले वकिलांकडे एक हिरवी, दोनच सीटांची विलायती स्पोर्ट्स कार होती. तिच्या इंजिनातून तेल गळायचं, म्हणून खाली कायम एक जुनी परात असे.

जुन्या गाड्यांच्या स्पर्धेच्या सकाळी गाडी परातीला म्हणाली, "तू आज घरीच थांब. आमचं घराणं शर्यती जिंकणारं. चारचौघांत शोभा नको."

वकिलांनी मात्र सवयीने परातीला डिकीत टाकलं आणि मैदानावर गाडीखाली सरकवलं.

निदान एक भाग मूळचा असेल तरच गाडी स्पर्धेत राहणार होती, म्हणून परीक्षक बाई मूळचे विलायती भाग शोधत होत्या.

"हॉर्न कुठला?"

"टेम्पोचा," वकील म्हणाले.

"आणि इंजिनाचा हा पट्टा?"

"पिठाच्या गिरणीचा. सीटा इथेच शाहूपुरीत शिवल्या."

गाडीचे दिवे शरमेने खाली गेले. बाई नाव खोडणार, तेवढ्यात परातीत टप्पकन थेंब पडला.

"ही गळती?"

"ती मात्र इंग्लंडहून आली तेव्हापासूनची. कुणालाच बंद करता आली नाही."

बाईंनी हसून 'एक भाग मूळचा' असं लिहिलं आणि गाडी स्पर्धेत राहिली.

घरी आल्यावर गाडी हळूच म्हणाली, "परातबाई, जरा मधोमध या. थेंब बाहेर जायला नको."