पंचवीसपैकी पंचवीस

एकदा एका माणसाला एका संध्याकाळी प्राण वाचवण्याची विद्या प्राप्त झाली. निदान त्याच्या नावाच्या कागदावर तरी तसे छापून आले.

त्या माणसाचे नाव यशोधन. वय चाळिशीच्या आसपास. जिल्ह्याच्या गावी एक बॅडमिंटन हॉल होता, त्याचा तो व्यवस्थापक. माणूस नेटका. हॉल वेळेवर उघडे, जाळी ताठ असे, कोर्टावर धुळीचा कण दिसत नसे. सकाळी खेळायला येणारे बहुतेक लोक पन्नाशी ओलांडलेले होते. त्यामुळे हॉलच्या मंडळींनी ठरवले, की व्यवस्थापकाने प्रथमोपचार शिकून घ्यावा आणि तसे प्रमाणपत्र आणून द्यावे.

त्याच गावात सुवार्ताबाई नावाच्या एक वृद्ध परिचारिका राहत. मिशनच्या दवाखान्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. सारे गाव त्यांना सिस्टरबाई म्हणे. वयाच्या ऐंशीव्या वर्षीही दर शनिवारी दुपारी नगरपालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात त्या लोकांना शिकवत असत. भाजले तर काय करावे, रक्त कसे थांबवावे, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबावी. साधन म्हणाल तर एक सतरंजी आणि कापूस ठासून भरलेला एक बाहुला. सहा शनिवार यावे लागे.

यशोधन पहिल्या शनिवारी गेला. त्या दिवशी सिस्टरबाईंनी सगळ्यांकडून एकच गोष्ट करून घेतली. बाहुला सतरंजीवर पडलेला. लांबून यायचे, गुडघे टेकून त्याच्या शेजारी बसायचे, त्याचे खांदे हलवायचे आणि मोठ्याने हाक मारायची. मग उठायचे, मागे जायचे, पुन्हा यायचे. एकेकाने वीस वेळा. यशोधनच्या पँटचे गुडघे मळले. कापसाच्या बाहुल्याला हाका मारताना त्याला ओशाळल्यासारखे झाले.

न राहवून तो म्हणाला, "बाई, छाती दाबायचं कधी शिकवणार?"

"खाली बसायला आलं की," सिस्टरबाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी तो गेला नाही. वेळ फुकट जातो, असे त्याला वाटले. आणि प्रामाणिकपणे पाहिले तर त्यात अगदीच तथ्य नव्हते असेही नाही. घरी बसून त्याने फोनवर एक ऑनलाइन अभ्यासक्रम शोधला. व्हिडिओ उत्तम होते. सांगणारा स्पष्ट सांगत होता, चित्रे सुबक होती. चहा पिता पिता त्याने सगळे पाहिले, शेवटी परीक्षा दिली. पंचवीस प्रश्न होते. पंचवीसही बरोबर आले. दहा मिनिटांत त्याच्या नावाचे, सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र हजर झाले. दुसऱ्या दिवशी त्याने ते चौकटीत घालून हॉलच्या दारापाशी लावले. येणारे-जाणारे वाचत आणि म्हणत, "चला, आता काळजी नाही."

पुढे पाच महिन्यांनी, सकाळी सातच्या सुमारास, तांबटसर कोर्टावर पडले.

तांबटसर माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत. छप्पन्न वर्षांचे, हसतमुख, हरले तरी टाळी देणारे. उंच आलेला एक फटका घ्यायला ते मागे सरकले आणि तसेच खाली गेले. आधी सगळ्यांना वाटले, पाय घसरला. मग कोणीतरी ओरडले. सात-आठ जण धावत आले आणि भोवती उभे राहिले. सरांचे खेळातले जोडीदार मोघे गाडी आणायला बाहेर पळाले. कोणी म्हणाले पाणी आणा, कोणी म्हणाले कांदा आणा. एकजण उभ्या उभ्याच रॅकेटने वारा घालू लागला. आणि मग एकाने म्हटले, "अरे सरका, यशोधनला येतं. त्याला पुढे येऊ द्या."

लोक बाजूला झाले. यशोधन पुढे आला.

त्याला सगळे आठवत होते, हे इथे सांगितले पाहिजे. छातीच्या नेमक्या कोणत्या जागी हात ठेवायचा, किती खोल दाबायचे, मिनिटाला किती वेळा, सारे डोळ्यांसमोर अक्षर न् अक्षर दिसत होते. त्याने एकशेआठला फोन केला, पत्ता नीट सांगितला. मग फोन खिशात ठेवला आणि तो उभा राहिला. श्वास खरेच थांबलाय का? घशातून मधूनच घरघर येतेय, तो श्वासच असेल तर? जोर जास्त झाला आणि फासळी मोडली तर? हे सगळे बघतायत, चुकले तर? पंख्याच्या वाऱ्याने सरांच्या सदऱ्याची कॉलर हलत होती, तिकडे तो बघत राहिला.

रुग्णवाहिका अकरा मिनिटांनी आली. तिच्यातली मुलगी, असेल पंचविशीची, आत शिरली तीच धाडकन गुडघ्यांवर बसली आणि तिने छाती दाबायला सुरुवात केली. पण फार उशीर झाला होता. दवाखान्यात नेल्यावर काही वेळाने डॉक्टर बाहेर आले. त्यांनी विचारले, "हे पडल्यावर आधी कोणी छाती दाबली होती का?"

"हो तर," मोघे म्हणाले. ते गाडी आणायला गेलेले होते. आत काय घडले ते त्यांनी पाहिलेच नव्हते. "आमचे व्यवस्थापक शिकलेले आहेत. त्यांनी केलं ना सगळं."

यशोधनने खाली पाहिले. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. ज्यांनी पाहिले होते तेही गप्प राहिले, कारण त्यांनीही काही केले नव्हते.

त्या दिवसापासून ते असत्य एकट्याने गावभर हिंडू लागले. दहाव्याला सरांच्या पत्नी, मृदुलाताई, हात जोडून म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून मनाला एवढं तरी समाधान आहे. माणूस करू शकतो तेवढं सगळं झालं." यशोधनने हात जोडले. त्याची झोप उडाली. हॉलच्या दारातून तो मान वळवून आत जाऊ लागला. एके दिवशी त्याने ती चौकट काढून कपाटात ठेवली, तर लोक म्हणाले, किती मनाला लावून घेतलंय बिचाऱ्याने! त्याच्याविषयीचा आदर उलट वाढला.

तीन महिन्यांनी सरांचे माजी विद्यार्थी यशोधनला भेटायला आले. सरांच्या वाढदिवशी ते शाळेत सभा घेणार होते. त्यात मृदुलाताईंच्या हस्ते यशोधनचा सत्कार करायचा, अशी स्वतः ताईंचीच इच्छा होती.

त्या दुपारी यशोधन सिस्टरबाईंच्या घरी गेला. शनिवार नव्हता. बाई ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी त्याला ओळखले. तो समोर उभा राहिला आणि बोलू लागला. इतके दिवस कोणालाच न सांगितलेले सारे त्याने सांगितले.

बाई ऐकत होत्या. त्याचे बोलणे दवाखान्यापर्यंत आले, तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवले, खुर्चीचा हात धरला आणि हळूहळू त्या जमिनीवर उतरल्या. मग कुशीवरून पाठीवर वळून, डोळे मिटून निश्चल पडून राहिल्या.

यशोधन बोलायचा थांबला. "बाई?" उत्तर नाही. "सिस्टरबाई?" त्याने दाराकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले. बाई थकल्या असतील. की चक्कर आली? शेजारच्यांना बोलवावे का? मग एकदम त्याच्या तोंडचे पाणी पळाले. तो पुढे झाला, कसाबसा खाली वाकला, त्याने गुडघे टेकले आणि तो ओरडला, "बाई! सिस्टरबाई!" त्याचा हात खांद्याला लागताच बाईंनी डोळे उघडले.

"बावीस," त्या म्हणाल्या. "मी मोजत होते. उभ्याचा बसेपर्यंत तुला बावीस आकडे लागले. आणि इथे तर बघायलाही कोणी नाही."

यशोधनला रडू कोसळले. बाईंनी त्याला रडू दिले. मग म्हणाल्या, "आधी मला उठव बाबा. माझे गुडघे गेलेत. मला आता फक्त पडता येतं."

त्याने त्यांना आधार देऊन खुर्चीत बसवले. तो स्वतः मात्र खालीच बसून राहिला.

"तुला त्या फोनवर जे शिकवलं ते खोटं नव्हतं," बाई सांगू लागल्या. "मीही तेच शिकवते. उलट माझ्यापेक्षा नीट सांगत असतील. पण ते तुझे डोळे शिकले, हात शिकलेच नाहीत. उभा माणूस आणि पडलेला माणूस यांच्यात कमरेएवढंच अंतर असतं, पण त्या अंतरात भीती असते, लाज असते, लोक काय म्हणतील ते असतं. प्रश्नपत्रिकेत ते कोणी विचारत नाही. वीस वेळा वेड्यासारखं खाली बसलं, की शरीर न विचारता बसतं. म्हणून पहिल्या दिवशी मी दुसरं काही शिकवत नाही."

"मी बसलो असतो तर सर वाचले असते का?"

सिस्टरबाई म्हणाल्या, "ते मी सांगणार नाही, कारण ते मला माहीत नाही. या हातांनी ज्यांची छाती दाबली त्यातले बहुतेक गेलेच. मी त्यांच्यासाठी रडले आणि रात्री झोपले. तुला झोप येत नाही, कारण तुला हे कधीच कळणार नाही. त्याला औषध नाही रे." मग त्या म्हणाल्या, "दुसऱ्या शनिवारी तू आला नाहीस, तेव्हा मला कळलं होतं तू का आला नाहीस ते. निरोप पाठवायला हवा होता. म्हटलं, जाऊ दे, शिकलेला माणूस आहे. तेवढं माझ्याकडून चुकलं."

यशोधनने विचारले, "ताईंना सांगू?"

"सांगितलंस तर तिचं दुःख वाढेल. नाही सांगितलंस तर सत्काराची शाल ती आपल्या हातांनी तुझ्या खांद्यावर घालेल. यातलं काय सोसवेल ते तुझं तू बघ. पण एक लक्षात ठेव. स्वतःला हलकं वाटावं म्हणून जाऊ नकोस. हलकं वाटणार नाही."

दोन दिवसांनी यशोधन मृदुलाताईंकडे गेला. त्यांनी पाणी दिले, सभेचे बोलणे काढले. तो म्हणाला, "ताई, तो सत्कार करू नका. मी सरांच्या छातीला हात लावला नाही. मला येत होतं, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी नुसता उभा राहिलो. दवाखान्यात मोघे बोलले तेव्हाही गप्प राहिलो, आणि दहाव्याला तुम्ही हात जोडलेत तेव्हाही."

मृदुलाताईंच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "किती वेळ?" त्यांनी विचारले.

"अकरा मिनिटं."

"आणि बाकीचे?"

"तेही उभेच होते."

"म्हणजे त्यांच्याजवळ कोणी बसलंच नाही? हातसुद्धा कोणी धरला नाही?"

"नाही, ताई."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.  शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रोज पहाटे जाग आली की मी मनाशी म्हणायची, सगळं करून झालं होतं. तेवढं म्हटलं की उठवायचं. आता मी काय म्हणू?"

 यशोधन क्षमा मागायचे शब्द मनात जुळवून आला होता. ते आता फार लहान वाटले. तो उठला. ताईंनी दारापर्यंत येऊन, सवयीने, "सावकाश जा," म्हटले आणि दार लावून घेतले.

सत्कार झाला नाही. तो का रद्द केला, हे ताईंनी कोणालाच सांगितले नाही. पण यशोधनने हॉलमध्ये सर्वांना एकत्र बसवून ते स्वतः सांगितले. काहींनी माना खाली घातल्या, मोघ्यांनी वर्षभर त्याच्याशी बोलणे टाकले. पुढच्या शनिवारपासून तो शाळेतल्या त्या वर्गात जाऊ लागला. सहा शनिवार झाले, साठ झाले, अजून जातो. सतरंजी तोच अंथरतो. नवीन माणूस कंटाळून विचारतो, छाती दाबायचं कधी, तेव्हा तो रागावत नाही, आणि एखादा पुन्हा आला नाही तर त्याच्या घरी जाऊन बोलावून आणतो. मृदुलाताई रस्त्यात भेटल्या तर किंचित मान हलवतात. त्याहून अधिक त्या कधी बोलल्या नाहीत, आणि त्याहून अधिकावर आपला हक्क नाही हे त्याला समजले आहे.

आपल्याला एखादी गोष्ट येते असे कागद म्हणत असेल, तर कोणाचा जीव त्यावर विसंबण्याआधी आपण आपल्या हातांना ते एकदा विचारून घ्यावे.