दारातली कोरफड

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आईशपथ. म्हणजे मी तिथं नव्हतो. पण ज्यानं सांगितली तो खोटं बोलताना लाजतो, आणि सांगताना तो थोडासाच लाजत होता.

"पण आजी, पाळीच्या दुखण्यावर तुझं खरं औषध कोणतं?"

वल्लभनं बुधीआजीला सहा महिन्यांत हे चाळिसाव्यांदा विचारलं. वल्लभ वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाडांची लॅटिन नावं तोंडपाठ. आजी पाड्यावर झाडपाल्याचं औषध देणारी. शाळा पाहिलेली, बाहेरून.

आजी पाला निवडत राहिली.

तेवढ्यात सुनेला घेऊन एक सासू आली. सून सुरेखा, दोन वर्षं अंगावरून जातंय, थांबतच नाही. नखं पांढरीफटक.

"दवाखान्यात नेलीस?" आजीनं विचारलं.

"नाय नाय. तिथं गेलं की पिशवीच काढतात. बुधीबाय, तुझा पाला दे."

आजीनं सुरेखाची खालची पापणी ओढून पाहिली.

"कोरफड लागेल."

"ही काय, तुझ्या दारातच आहे की!"

"हिच्यात गुण नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई आहे, तिच्या खिडकीखालची लागते. आधी तिनं पोट तपासायचं. मग रक्त. मग गोळ्या. मग तिच्याच हातानं पान कापून घ्यायचं. एक गोळी चुकली की पानाचा गुण गेला."

"आणि पिशवी?"

"सुनेला विचारल्याशिवाय कोणी हात लावणार नाही. सुनेला. तुला नाही."

सासूनं मान डोलावली. पाल्यासाठी ती कुठंही गेली असती. दोघी एस.टी.साठी निघाल्या. वळणावर सुरेखानं एकदा मागं पाहिलं.

वल्लभ गालात हसला.

"आजी, मी रोज त्या खिडकीवरून येतो. खाली एक मोडकी खाट आहे. कोरफड नाही."

आजी उठली. दारातली कोरफड मुळासकट उपटली आणि मातीसकट त्याच्या हातात दिली.

"अगं, पण औषध कोणतं ते..."

"सांगितलं की मघाशी. आता गुरुदक्षिणा काढ. त्यांची एस.टी. अकराला पोचते, तुझ्याकडं फटफटी आहे."