बीजाचा मेंढा

फार फार जुनी गोष्ट. राजाचं नाव विचारू नका, असले राजे सगळ्याच काळात होतात. लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर कान उघडे ठेवूनच ऐका.

त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याला एक खोरं होतं. खोऱ्यात धनगरांचे कळप चरायचे आणि नदीकाठी शिदू खाटकाचं दुकान होतं. शिदूची रीत कडक. जनावर आलं की आधी त्याला पाणी दाखवायचा, डोळे बघायचा, जीभ बघायचा. आजारी वाटलं तर परत पाठवायचा, मग ते पाटलाचं का असेना. आणि ज्या मेंढ्यापासून कळप वाढतो, त्या बीजाच्या मेंढ्यावर सुरी चालवायची नाही, हा तर साऱ्या खोऱ्याचाच नियम होता.

एके दिवशी समुद्रापलीकडून एक सौदागर आला. त्याच्या गलबतात खारवलेल्या मटणाची पिंपं होती.

"महाराज," तो म्हणाला, "जकात तेवढी उठवा. तुमची प्रजा स्वस्तात खाईल आणि तुम्हाला दुवा देईल."

राजा भुलला. प्रधानाने मान डोलावली. पिंपांवरची जकात उठली.

आणि शिदूच्या दुकानावरचा कर? तो तसाच! धनगरांची चराईपट्टी? तीही तशीच! घरच्याला चाबूक, परक्याला पायघड्या, आणि याला म्हणे खुला व्यापार! अहो, एकाचे पाय बांधून दोघांना पळायला लावायचं आणि वर म्हणायचं, शर्यत सगळ्यांना खुली आहे!

पिंपातलं मटण कुठल्या जनावराचं, कधी कापलेलं, हे कुणी विचारलं नाही. स्वस्त होतं, लोकांनी नेलं. शिदूवर दुकानात माशा मारत बसायची पाळी आली. त्याच्याकडे गिऱ्हाईक नाही, म्हणून धनगरांनी मिळेल त्या भावाने घाटापलीकडे कळप विकले आणि बंदरावर हमाली धरली. वाहायचे काय? तीच पिंपं!

एकटी ठकूबाई धनगरीण हटली नाही. थोड्या मेंढ्या आणि काळ्या तोंडाचा एक बीजाचा मेंढा, एवढंच तिच्याकडे उरलं होतं.

"हा आहे तोवर खोरं आहे, शिदूदादा," ती म्हणायची. "दिवस पालटू देत. ज्याला त्याला कोकरं देईन मी."

जकात उठून वर्ष झालं म्हणून राजाने सौदागराला मेजवानी दिली. मुदपाकखान्यात पिंपं उघडली, तर सौदागराने नाक मुरडलं.

"छे छे! हे विकायला असतं. मी ताजंच खातो."

ऐकलंत? हे विकायला असतं!

झालं, प्रधान शिपाई घेऊन खोऱ्यात धावला. साऱ्या खोऱ्यात एकच धष्टपुष्ट जनावर दिसलं. शिपायांनी ठकूबाईच्या मेंढ्याला कुंपणाच्या वाडग्यातून ओढलं, तशी ठकूबाई वाटेत आडवी पडली.

"अरे, बीज आहे ते! दुसरी कुठलीही मेंढी न्या, एवढा ठेवा!"

"राजाच्या पाहुण्याला म्हातारी मेंढी वाढायची होय?" प्रधान खेकसला आणि त्याने शिदूला बोलावून सुरी काढायला सांगितली.

शिदूने हात मागे बांधले. "मान उतरवा माझी. बीजावर माझी सुरी चालायची नाही."

"तुझ्यावाचून अडतंय थोडंच! आचारी कापेल."

आणि आचाऱ्याने कापला. आयजीच्या जिवावर बायजी उदार! राजाने पाहुण्याला आग्रह करकरून वाढलं. सौदागराने बोटं चाटली आणि म्हणाला, "वा, असं मटण जन्मात खाल्लं नाही!"

त्यानंतर खोऱ्यात कोकरू जन्मलं नाही. ठकूबाईच्या मेंढ्या म्हाताऱ्या होऊन एकेक करून गेल्या. राज्यात आता दुसरं मटणच नाही, हे सौदागराने ओळखलं आणि पिंपांचा भाव चौपट केला.

राजा संतापला. "हाकलून द्या त्याला! आपलं खोरं आहे की!"

तो स्वतः खोऱ्यात आला. वाडगं रिकामं होतं. शेजारी ठकूबाई बसली होती.

"बाई, मेंढरं कुठं आहेत? मागशील ते देतो, पण कळप उभा कर."

"महाराज, मेंढरू म्हणजे मेथी नव्हं, आज पेरली आन् महिन्यात खुडली." ठकूबाई जागची उठलीसुद्धा नाही. "बीज होतं माझ्याजवळ. ते तुम्ही पाहुण्याच्या ताटात वाढलंत. चव बरी होती का?"

 राजा परत गेला आणि चौपट भावाला मुकाट्याने कबूल झाला. तो भाव भरला कुणी? प्रजेनेच, आणखी कोण भरणार!

म्हणून सांगतो, स्वस्ताच्या नादाने जो घरचं बीज मोडतो, त्याच्या ताटाचा भाव पुढे परका ठरवतो.