पावणेदोन किलो

"पण पाणी प्यायलो, अन् काटा वर गेला तर, वस्ताद?" रणधीरनं विचारलं.

बाबालाल वस्ताद तालमीच्या उंबऱ्यावर बसून सुपारी कातरत होते.

दिवस मावळत होता. उद्या सकाळी सातला कुस्तीच्या निवड चाचणीची वजनं व्हायची होती. रणधीरला चौऱ्याहत्तर किलोच्या गटात उतरायचं होतं आणि काटा अजून पाव किलो जास्त दाखवत होता. गट हुकला म्हणजे वर्ष हुकलं.

म्हणून गड्यानं चार दिवसांपासून पाणी घोटाघोटावर आणलं होतं आणि कालपासून तेही बंद. अंगात दोन स्वेटर, वरून रेनकोट. तोंडात लिंबाची फोड धरून डब्यात थुंकणं चालू होतं. तहान लागल्यावर विहीर खणणारे पुष्कळ असतात, यानं ती बुजवायला घेतली होती.

आणि वर ऐट केवढी!

"मन घट्ट पायजे, वस्ताद. माझ्यासारखं कुणाला जमायचं न्हाई."

"लघवी कसली होतीया?"

रणधीर खाली बघू लागला.

"चहासारखी..."

वस्ताद उठले. वजनकाट्यावर रिकामा थोरला तांब्या ठेवला, खिट्टी फिरवून काटा शून्यावर आणला आणि कळशीतून पाणी ओतत राहिले. काटा पावणेदोनवर आला तसे थांबले.

"चार दिवसांत किती उतरवलंस?"

"पावणेदोन."

वस्तादांनी तांब्याकडं बोट दाखवलं. मग रेनकोट-स्वेटर वर करून रणधीरच्या पोटाची वळी चिमटीत धरली.

"चरबी तर हितंच हाय."

रणधीरचे कान तापले. पोटावरून कुणी बोललेलं त्याला कधीच सोसलं नव्हतं.

"सहा महिनं सांगतोय," वस्ताद म्हणाले. "उठल्यावर तांब्या. जेवायच्या आधी तांब्या. तुला लागायची तहान, अन् तू हाणायचास भाकरी. तवाच पाणी प्याला असतास, तर आज हे थुंकणं आलं नसतं."

"झालं ते झालं. आता रातभराचा तर प्रश्न हाय."

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"सोडव."

रणधीर हसला. सत्तरीचं म्हातारं माणूस, एका झटक्याचं काम. त्यानं झटका दिला.

मनगट सुटलं नाही.

पुन्हा दिला. डोळ्यांपुढं काजवे चमकले, पोटरीत गोळा आला आणि चौऱ्याहत्तर किलोचा पैलवान मट्‌कन खाली बसला. छातीत काहीतरी भलतंच धडधडत होतं. जिभेला हलायलाही ओल नव्हती.

त्याला भीती वाटली. आजवर समोरच्या पैलवानाची वाटली होती, स्वतःच्या अंगाची कधी वाटली नव्हती.

वस्तादांनी पोटरी चोळून दिली. चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा तांब्यात टाकून पाणी ढवळलं, आणि तांब्या त्याच्या हातात दिला.

"दमानं पी. घोट घोट."

रणधीरनं तांब्या दोन्ही हातांनी उचलला. ओठांपाशी आणला.

थांबला.

"हे प्यायलो की माझा गट गेला, वस्ताद."

"गेला."

"वरच्या गटात शिरोळचा जालिंदर हाय."

"ठाव हाय."

"गेल्या साली त्यानं तिघांना उचलून आपटलं. मला तर चिरडंल त्यो."

वस्ताद पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसले. अडकित्ता उचलला.

"चिरडू दे की. चिरडून घ्यायला तू जित्ता तरी असशील तिथं."